पत्ता नसलेल्यांचा संसार

टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या उत्तरेला लिव्हिंग्स्टन नावाचं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव आहे. तिथल्या रेनबो ड्राइव्हवर हजारो अमेरिकन माणसं कागदोपत्री राहतात. त्यांच्या वाहन परवान्यावर, बँकेच्या खात्यावर, मतदार यादीत हाच पत्ता असतो. माणसं मात्र थंडीत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात आणि उन्हाळ्यात मिशिगनच्या एखाद्या तळ्याकाठी आपापल्या फिरत्या घरात मुक्कामाला असतात. त्यांच्या नावानं आलेलं टपाल लिव्हिंग्स्टनमध्ये गोळा होतं आणि माणूस ज्या गावी असेल तिथे पाकिटात भरून रवाना होतं. ही व्यवस्था चालवणारा 'एस्केपीज' हा क्लब जो आणि के पीटरसन या जोडप्यानं 1978 मध्ये काढला. जो इलेक्ट्रिशियन, के परिचारिका. गाडीमागे घर जोडून दोघं कामं करत देशभर फिरत होती. आपल्यासारखे आणखी आहेत हे लक्षात आल्यावर त्यांनी क्लब सुरू केला, आणि त्या क्लबाचा सर्वांत मोठा उपयोग ठरला तो पत्ता देण्याचा.

निवृत्तीनंतर नवरा-बायकोनं घर आवरून कायम फिरतीवर राहायचं, हा विषय आता पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांतही निघतो. मुलं परदेशी, तीन खोल्यांत दोन माणसं, गुडघे अजून बरे. बोलणं बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरतं: पैसे पुरतील का आणि एवढं धाडस आपल्याला झेपेल का. ज्यांनी हे खरोखर वर्षानुवर्षं केलं त्यांच्या हकिकती वाचल्या, की हे दोन्ही प्रश्न मागे पडतात. सरकार, बँक, विमा कंपनी, दवाखाना या सगळ्यांनी म्हातारा माणूस एका जागी राहतो असं गृहीत धरलेलं असतं. त्यामुळे कागदावर आपण कुठले, आणि आजारी पडल्यावर कुठे जायचं, या दोन गोष्टी ज्यांनी निघण्याआधी ठरवल्या ते टिकले. बाकीचे एक-दोन वर्षांत परतले, किंवा अडकले.

टिकलेल्यांत सिएटलचं मायकेल आणि डेबी कॅम्पबेल हे जोडपं सर्वांत प्रसिद्ध. जुलै 2013 मध्ये ते घराबाहेर पडले. सुरुवातीला त्यांनी घर विकलं नाही, भाड्यानं दिलं. शिडाची होडी आणि गाडी मात्र विकून टाकली. करमतंय असं दिसल्यावर पुढे घरही विकलं. हॉटेलात न राहता लोकांची घरं एअरबीएनबीवरून काही दिवसांसाठी घ्यायची, तिथे स्वतः स्वयंपाक करायचा आणि सिएटलला राहून जेवढा खर्च झाला असता तेवढ्यातच भागवायचं, ही त्यांची पद्धत. सामानात स्वतःच्या उशा असायच्या. रोज नव्या गादीवर झोपणाऱ्याला ओळखीची उशी किती लागते, हे साठी उलटल्याशिवाय कळत नाही! अनुभवांचं त्यांचं पुस्तक 2016 मध्ये आलं, आणि वर्तमानपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

कॅम्पबेलांच्या हिशेबात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ते पर्यटन करत नव्हते, राहत होते. पर्यटक आठ दिवसांत सहा शहरं पाहतो आणि घरी येऊन झोपतो. कायम फिरणाऱ्याला मध्येच कपडे धुवायचे असतात, केस कापायचे असतात, एखादा दिवस काहीही न पाहता पुस्तक वाचत पडायचं असतं. ज्यांना हे समजलं नाही त्यांचे पैसे लवकर संपले, आणि त्याहून आधी उत्साह. मुक्काम लांबला की भाडं उतरतं, बाजार कळतो, दमणूक कमी होते. फिरतीचा खर्च वेगावर अवलंबून असतो, अंतरावर फारसा नाही.

युरोपात मात्र वेग आपल्या हातात राहत नाही. शेंगेन करारातल्या देशांत बाहेरच्या पाहुण्याला कोणत्याही 180 दिवसांत फार तर 90 दिवस राहता येतं. अमेरिकन पासपोर्टवाली जोडपी म्हणून तीन महिने फ्रान्स-इटली-स्पेन करतात आणि पुढचे तीन महिने करारात नसलेल्या देशांत, म्हणजे अल्बानिया, सर्बिया, तुर्कस्तान किंवा ब्रिटनमध्ये काढतात. भारतीय पासपोर्टवर ही उडी सोपी नाही. शेंगेनचा व्हिसा मागताना परत येण्याची हमी दाखवावी लागते: मालमत्ता, नोकरी किंवा पेन्शन, घरची माणसं. शिवाय किमान 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा. घर विकून आलो आहोत असं व्हिसाच्या खिडकीवर सांगणं म्हणजे अर्ज फेटाळून घेणंच.

अमेरिकेतल्या फिरत्या घरांची दुनिया याहून जुनी आणि कितीतरी मोठी आहे. मोटरहोम किंवा गाडीमागे ओढायचं घर, दोन्हींना मिळून तिकडे 'आरव्ही' म्हणतात. या दुनियेची हिवाळी राजधानी अ‍ॅरिझोनातलं क्वार्टझाइट. एरवी काही हजार वस्तीचं हे वाळवंटी गाव जानेवारीत लाखो माणसांनी भरतं. आसपासच्या सरकारी जमिनीवर 1983 पासून दीर्घ मुक्कामाची ठिकाणं आखलेली आहेत. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असा तिथला हंगाम, आणि सात महिन्यांच्या परवान्याची फी अनेक वर्षं 180 डॉलर होती. वीज-पाण्याची जोडणी नसते, फक्त मोकळी जमीन. छतावर सौर पट्ट्या लावलेल्या गाड्यांच्या रांगा, संध्याकाळी शेकोट्या, कुणाकडे दुरुस्ती, कुणाकडे पत्त्यांचा डाव. बासष्ट वर्षांवरच्या अमेरिकन माणसाला राष्ट्रीय उद्यानांचा तहहयात पास मिळतो. तो 2017 पर्यंत 10 डॉलरला होता, मग 80 झाला. तेव्हा भरपूर कुरकुर झाली, तरी केंद्र सरकारच्या बहुतेक तळांवर मुक्कामाचं भाडं त्या पासावर निम्मं होतं. कुरकुर करणाऱ्यांनी पास घेतलाच असणार.

या लोकांचा सर्वांत चांगला अभ्यास एका मानववंशशास्त्रज्ञ जोडप्यानं केला. डोरोथी आणि डेव्हिड काउंट्स हे आयुष्यभर पापुआ न्यू गिनीतल्या समाजांवर काम करणारे. नव्वदच्या दशकात ते स्वतःच आरव्ही घेऊन या म्हाताऱ्यांत जाऊन राहिले आणि 1996 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. एकमेकांचं आडनावही माहीत नसलेली माणसं आजारात, बिघाडात किती तत्परतेनं धावून येतात, जेवण वाटून खातात आणि मदतीची परतफेड तिसऱ्यालाच मदत करून करतात, हे त्यांनी टिपलं. मेलानेशियातल्या देवाणघेवाणीशी त्यांनी त्याची तुलना केली. घर सोडलं की माणसं तुटतात, या समजाला त्या पुस्तकानं चांगलाच धक्का दिला. माणसं जुनी नसतात, एवढाच फरक.

त्याच वाळवंटाची दुसरी बाजू जेसिका ब्रूडर या पत्रकारानं 2017 च्या 'नोमॅडलँड' पुस्तकात दाखवली. पुढे क्लोई झाओनं त्यावर चित्रपट केला आणि 2021 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. 2008 च्या मंदीत ज्यांची घरं, बचत, पेन्शन फंड गेले, अशी साठी-सत्तरीची माणसं व्हॅनमध्ये राहून हंगामी मजुरी करत फिरत होती: बीट काढणं, तळांची स्वच्छतागृहं धुणं, नाताळाच्या आधी गोदामांत माल भरणं. अ‍ॅमेझॉननं तर अशा फिरत्या मजुरांसाठी 'कॅम्परफोर्स' नावाची खास भरतीच चालवली होती. एकाच तळावर शेजारी शेजारी दोन गाड्या उभ्या असतात. एकीतलं जोडपं हौसेनं आलेलं, दुसरीतलं घरभाडं परवडेना म्हणून. छायाचित्रात दोघांचा सूर्यास्त सारखाच दिसतो. 'घर विकून मोकळे झालो' असं सांगणाऱ्या प्रत्येक कथेत आधी हे तपासावं, की परत घर घ्यायची ऐपत शिल्लक आहे का. ती असेल तर ती हौस, नसेल तर तो प्रवास एकाच दिशेचा.

ऑस्ट्रेलियानं या माणसांना 'ग्रे नोमॅड' हे नाव दिलं. खंडाला वळसा घालणारा हायवे नंबर एक सुमारे साडेचौदा हजार किलोमीटरचा. मे ते सप्टेंबर उत्तरेत कोरडा, उबदार ऋतू असतो, तेव्हा कॅराव्हॅनची रांग तिकडे सरकते आणि पावसाळा लागला की दक्षिणेला उतरते. तिथल्या मोटरहोम क्लबानं छोट्या गावांसाठी योजनाच काढली: गाड्या उभ्या करायला स्वस्त जागा आणि शौचालयाची टाकी रिकामी करायची सोय द्या, तुमच्या गावाला आम्ही फलक देतो. ओस पडत चाललेल्या गावांतल्या बेकरीला आणि पेट्रोल पंपाला त्यातून गिऱ्हाईक मिळालं. पण तिथेही सरकार पत्ता विचारतंच. वृद्धांच्या पेन्शनची पात्रता ठरवताना राहतं घर मालमत्तेत धरत नाहीत. घर सोडून तात्पुरते बाहेर असाल तर ही सवलत साधारण बारा महिने चालते. त्यामुळे खंडाची फेरी वर्षात संपवून परतणारी जोडपी बरीच. निसर्गाच्या ऋतूंइतकाच पेन्शन खात्याचा नियम त्यांचं वेळापत्रक ठरवतो.

ब्रिटनमध्ये हाच खेळ पाण्यावर चालतो. कालव्यांतल्या अरुंद होड्यांवर राहणाऱ्या आणि कायमचा धक्का नसलेल्या लोकांना 1995 च्या कायद्यानुसार एका जागी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. हलत राहणं ही तिथे परवान्याची अटच आहे. टेरी आणि मॉनिका डार्लिंग्टन या निवृत्त जोडप्यानं तर अशी होडी, आपला कुत्रा बरोबर घेऊन, इंग्लिश खाडीपार नेली आणि फ्रान्सच्या कालव्यांतून थेट कार्कासोनपर्यंत पोचवली. जाणकार नको म्हणत होते. टेरीचं त्यावरचं पुस्तक 2005 मध्ये आलं आणि धमाल खपलं.

समुद्रावर कायम राहण्याची जाहिरात मात्र जपून वाचावी. तीन वर्षांची जगप्रदक्षिणा विकणारी 'लाइफ अ‍ॅट सी' ही सफर 1 नोव्हेंबर 2023 रोजी इस्तंबूलहून निघायची होती. कंपनीला जहाजच विकत घेता आलं नाही, आणि सफर रद्द झाली. प्रवाशांपैकी काहींनी तोवर घरं विकली होती, काहींनी भाड्यानं दिली होती. पुढच्याच वर्षी दुसऱ्या कंपनीचं असं जहाज दुरुस्तीपायी चार महिने बेलफास्टच्या गोदीत अडकलं आणि प्रवासी बंदराच्या आसपास दिवस काढत राहिले. जहाज एकाच कंपनीचं असतं. तिथे तुमचं घर, खानावळ, डॉक्टर आणि पत्ता एकाच दिवशी बुडू शकतात.

आता आजारपण. अमेरिकेचा सरकारी ज्येष्ठ विमा, मेडिकेअर, काही मोजके अपवाद सोडले तर देशाबाहेर चालत नाही. देशातही खासगी कंपन्यांमार्फत घेतलेली त्याची स्वस्त रूपं ठरावीक भागातल्या दवाखान्यांपुरती असतात, म्हणून फिरते लोक मूळ सरकारी योजनाच पसंत करतात. रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या मिळतील का, दातांचं काम कुठे करायचं, कुठल्या डॉक्टरकडे आपली जुनी कागदपत्रं आहेत, यावर त्यांचा नकाशा आखला जातो. वर्षातून एकदा जुन्या गावी येऊन सगळ्या तपासण्या उरकणं हा बहुतेक दीर्घकाळ टिकलेल्या जोडप्यांचा शिरस्ता आहे. म्हणजे पूर्णवेळ फिरणाऱ्यांनाही वर्षाकाठी एक मुक्काम चुकत नाही.

आणि दोघांतलं नातं? जाहिरातीतल्या छायाचित्रात दोघं खुर्च्या टाकून चहा पीत असतात. वास्तवात पंधरा पावलांच्या घरात चोवीस तास एकत्र. ज्या नवऱ्यानं पस्तीस वर्षं सकाळी साडेआठला डबा घेऊन घर सोडलं, तो आता दिवसभर समोर. जपानमध्ये निवृत्त नवरा घरी बसल्यानं बायकांना जडणाऱ्या व्याधींची डॉक्टरांनी नव्वदच्या दशकात स्वतंत्र नोंदच घेतली. चार खोल्यांत हे होतं, तर एका खोलीत काय होईल? अनुभवी लोक म्हणून दिवसाचे काही तास वेगळे काढतात. गाडी चालवणं, गॅस बदलणं, बँकेचे व्यवहार दोघांनाही यावेत यावर ते फार भर देतात. कारण एक आधी जाणार, हे उघड आहे. एकट्या राहिलेल्यांसाठी अमेरिकेत 'लोनर्स ऑन व्हील्स' नावाचा क्लब आहे; त्यात जोडी जमली, की त्या दोघांना क्लब सोडावा लागतो.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. मनुस्मृतीत वानप्रस्थाचे नियम सांगताना बायकोला मुलांच्या स्वाधीन करून जा किंवा तिला बरोबर घेऊन जा, असे दोन पर्याय दिले आहेत. तिला काय हवं हे विचारण्याचा तिसरा पर्याय नाही, ही त्या काळाची गोष्ट. नर्मदा परिक्रमेला शास्त्रानं तीन वर्षं तीन महिने तेरा दिवस दिलेले आहेत, त्यात चातुर्मासाचे मुक्काम आले. सदावर्तं, आश्रम आणि गावोगावची घरं या फिरत्या माणसाला शेकडो वर्षं सांभाळत आली. तिथेही निघताना परिक्रमावासी असल्याचं प्रमाणपत्र घेतात आणि वाटेत त्यावर शिक्के मारून घेतात! जबलपूरचे चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, 1977 मध्ये परिक्रमा सुरू केली आणि ती सुट्यांप्रमाणे तुकड्यातुकड्यानं केली. पंचाहत्तरीच्या आसपास ते पुन्हा निघाले, तेव्हा पत्नी कांता बरोबर होत्या. प्रत्येक टप्प्यानंतर दोघं जबलपूरला परत येत.

कोचीच्या विजयन आणि मोहना यांची गोष्टही अशीच येऊन-जाऊन. चहाच्या छोट्या दुकानातून रोज थोडे पैसे बाजूला काढायचे, कमी पडतील तेवढं कर्ज घ्यायचं, देश पाहून यायचं आणि मग काही वर्षं कर्ज फेडायचं. 2007 पासून त्यांनी पंचवीसहून जास्त देश पाहिले. नोव्हेंबर 2021 मध्ये, रशियाहून परतल्यावर काही आठवड्यांतच, विजयन गेले. त्यांचं दुकान हाच त्यांचा पत्ता, पतपेढी आणि परतीचं तिकीट होतं.

महाराष्ट्रातल्या जोडप्याची आजची स्थिती पाहिली तर काही दारं उघडली आहेत, काही मिटली. रेल्वेत साठीवरच्या पुरुषांना 40 टक्के आणि 58 वर्षांवरच्या स्त्रियांना 50 टक्के सवलत होती. मार्च 2020 मध्ये ती थांबली ती थांबलीच. फिरत्या ज्येष्ठांचं सर्वांत मोठं नुकसान याच एका निर्णयानं झालं, आणि त्याचं कुठलंही समर्थन पटणारं नाही. उलट एसटीनं ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीवरच्यांना मोफत प्रवास दिला आणि मार्च 2023 पासून सगळ्या स्त्रियांना निम्म्या तिकिटात. तो शहात्तरचा आणि ती सत्तरची असेल, तर चांद्यापासून बांद्यापर्यंत दोघांना मिळून अर्धं तिकीट. राज्याची हद्द ओलांडली की ही चैन संपते. राज्यानं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही जाहीर केलं. पण रात्री गाडी उभी करून पाणी, वीज आणि शौचालय मिळेल अशा जागा अजून दुर्मीळच आहेत. भक्तनिवास आणि धर्मशाळा स्वस्त असतात, मात्र दोन-तीन रात्रींवर राहू देणारी थोडी.

कागदाची अडचण काही अंशी सुटली. पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत उभं राहावं लागायचं. 2014 मध्ये 'जीवन प्रमाण' आलं आणि 2021 च्या अखेरीपासून मोबाइलसमोर चेहरा धरून दाखला देता येतो, मग माणूस शिलाँगला असो की शेगावला. विम्याच्या बाबतीत 2024 मध्ये नियामकानं नवी आरोग्य पॉलिसी घेण्याची 65 वर्षांची मर्यादा काढली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सत्तरीवरच्या सर्वांना आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं. हप्ते परवडतील की नाही हा भाग वेगळा. परदेशाच्या प्रवास विम्यात मात्र जुने आजार बहुधा वगळलेलेच असतात. मुलांकडे अमेरिकेत सहा महिने राहून येणाऱ्या प्रत्येक आजी-आजोबांना ही कलमं पाठ असतात.

त्या सहा महिन्यांकडे मराठी कुटुंबांनी जरा वेगळ्या नजरेनं पाहायला हवं. गोव्यात बरीच वर्षं ब्रिटिश पेन्शनर हिवाळाभर भाड्याच्या घरात राहतात आणि उन्हाळा लागला की परत जातात. त्यांच्या देशात त्यांचं घर, डॉक्टर आणि पेन्शनचा हक्क शाबूत असतो. भारतात कायम स्थायिक झालेल्या ब्रिटिश पेन्शनराला पेन्शनची वार्षिक वाढ मिळत नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक असतं. अर्धं वर्ष बाहेर, अर्धं घरी: वर दिलेल्या सगळ्या उदाहरणांत सर्वांत कमी माणसं यात पोळली.

पूर्णवेळ फिरणाऱ्यांसाठी शेवटची सोय कुणी केली असेल तर ती पुन्हा एस्केपीजनंच. गाडी चालवणं थांबवावं लागलेल्या किंवा आजारातून उठणाऱ्या सदस्यांसाठी त्यांनी एक केंद्र काढलं. तिथे माणूस आपल्याच फिरत्या घरात राहतो आणि त्याला जेवण, परिचारिका, डॉक्टरकडे नेणारी गाडी मिळते. आपल्याकडे असं काही नाही. तेव्हा ज्या जोडप्याचं निघायचं नक्की झालं असेल, त्यांनी पहिलं वर्ष घर विकू नये. अकरा महिन्यांच्या करारानं भाड्यानं द्यावं, एक खोली कुलूप लावून आपल्याकडे ठेवावी, इच्छापत्र आणि पॉलिसीच्या प्रती मुलांकडे किंवा शेजाऱ्यांकडे द्याव्यात, आणि बारावा महिना आपल्या डॉक्टरच्या गावात काढावा. विकायचा निर्णय दुसऱ्या वर्षी, दोघांनी वेगवेगळा विचार करून मग एकत्र घ्यावा.